माहिती समाज हा विषय आणि निफाडचे द्राक्ष बागायतदार: प्रश्नावली कुठे चुकतेय?

प्रश्न (एमलिब_नाशिक)
ग्रंथालयशास्त्राच्या लघुप्रबंधाचा विषय: माहिती समाज (ज्याचे व्यवहार माहितीवर चालतात असा समाज) आणि निफाड तालुक्यातील द्राक्ष बागायतदार. प्रश्नावलीत ४२ प्रश्न आहेत. स्मार्टफोन आहे का, इंटरनेट आहे का, व्हॉट्सअ‍ॅप वापरता का, अशा धर्तीचे. पूर्वचाचणीत २० पैकी १९ जणांनी सगळीकडे "हो" लिहिलं. निवडलेल्या गावांत मिळून २००० बागायतदार आहेत. नमुना किती घ्यावा? गुगल फॉर्म चालेल का? ऑक्टोबरात सुरू करून मार्चअखेर प्रबंध द्यायचा आहे.

उत्तर १ (संदर्भसेवा)
"हो" येणारच, कारण तुम्ही फक्त साधन मोजताय. समाजशास्त्रज्ञ फ्रँक वेबस्टर यांनी माहिती समाज ओळखण्याचे पाच निकष मांडलेत: तंत्रज्ञान, अर्थव्यवस्था, व्यवसाय, अवकाश (ठिकाणं जोडणारी माहितीची जाळी) आणि संस्कृती. तुमची प्रश्नावली पहिल्यावरच थांबली आहे. डिजिटल दरीचे अभ्यासक व्हान डाइक यांची प्रेरणा, साधन, कौशल्य, वापर ही उतरंड घ्या आणि साधनाला चारच प्रश्न ठेवा. त्यातही "फोन आहे का" ऐवजी "दुपारी बागेत असताना स्मार्टफोन कुणाच्या हातात असतो?" असं विचारा. बऱ्याच घरांत तो मुलाकडे असतो आणि उत्तर वडील देतात.

गाभा मात्र एका प्रसंगावर उभा करा. फ्लॅनागन यांची १९५४ची निर्णायक प्रसंग पद्धत, म्हणजे घडलेल्या एका खऱ्या प्रसंगाबद्दल खोलात विचारणं, इथे चपखल बसते. "मागच्या वेळी डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीजन्य रोग) दिसला तेव्हा आधी कुणाला विचारलं? मग कुणाला? दोन सल्ले वेगळे आले तर कुणाचं ऐकलं, आणि का?" औषध दुकानदार, बागेचा सल्लागार, शेजारी, मोबाइलवरचा ग्रुप हे शेतकऱ्याच्या तोंडून येऊ द्या. पर्याय आधी वाचून दाखवलेत की माणूस प्रतिष्ठेचा पर्याय निवडतो.

उत्तर २ (तक्ता_आणि_टक्के)
गुगल फॉर्म नको. ज्यांच्याकडे नेट नाही ते नमुन्यातून आपोआप गळतात, आणि तुम्ही शोधताय ती नेट असणारे आणि नसणारे यांच्यातली नेमकी तीच दरी.

नमुना किती घ्यावा हे सांगणाऱ्या यामाने यांच्या सूत्राने २००० साठी, ५ टक्के चूक धरून, ३३४ येतात. पण ते सूत्र सरळ यादृच्छिक नमुन्याचं आहे. गाव निवडून प्रत्येक गावातून १० जण घेतले तर एका गावातली उत्तरं एकमेकांसारखी निघतात. हे साम्य ० ते १ च्या मापावर ०.०५ धरलं तरी नमुना १.४५ पट (१ + ९ × ०.०५) लागतो, म्हणजे ४८४ च्या घरात. एकट्याने हे होणार नाही. १२ गावं, १२० जण घ्या, चूक साधारण १० टक्के असल्याचं स्पष्ट लिहा आणि सोबत १५ सविस्तर मुलाखती जोडा. काय-वर्ग चाचणीत (दोन गोष्टींचा संबंध योगायोगाचा आहे का हे तपासणारी) अपेक्षित संख्या ५ च्या खाली जाणारे रकाने अर्थाला धरून एकत्र करा.

उत्तर ३ (गावचं_वाचनालय)
ऑक्टोबर टाळा. तेव्हा गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी), मग फवारण्या. बागेत उभं राहायला कुणाला वेळ नसतो. मिळाली तरी उत्तरं उरकलेली मिळतील. तुमच्या मुदतीत डिसेंबरचा दुसरा पंधरवडा बरा: बऱ्याच बागांत विरळणी (घडातले जादा मणी काढणं) झालेली असते, काढणी अजून भरात नसते आणि डाऊनीची आठवण ताजी असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गावनिहाय याद्या करा, सुधारलेली प्रश्नावली पुन्हा १० जणांवर तपासा.

ग्रंथालयशास्त्राचा भाग शेवटी चिकटवू नका, नाहीतर हा कृषी विस्ताराचा, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत शेतीचं ज्ञान पोचवण्याच्या विषयाचा, प्रबंध होईल. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेली वाचनालयं निवडलेल्या गावांत आहेत का, अ, ब, क, ड पैकी कोणत्या वर्गाची, संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी, शेतीची नियतकालिकं येतात का, याची नोंद करा. मग शेतकऱ्याच्या त्या प्रसंगात वाचनालयाचं नाव का आलं नाही हा प्रश्न खरा होतो. सावानाच्या (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) सभासदांवरून अनुमान काढू नका. १८४० पासूनचं ते शहरातलं वाचनालय, त्याचा वाचक वेगळा.

आणि पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून बागांवर येणारे मजूर? फवारणीनंतर किती तास बागेत शिरू नये ही माहिती सर्वांत आधी त्यांना लागते. त्यांच्यातल्या निदान १० जणांशी बोला, मालक शेजारी नसताना.

एमलिब_नाशिक
मजुरांचा वेगळा गट करते. त्यांच्यासाठी प्रश्नावली की तोंडी मुलाखत?

गावचं_वाचनालय
तोंडीच. कोकणा किंवा महादेव कोळी बोली समजणारं कुणी सोबत घ्या आणि औषधाच्या डब्यावरचा, विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण दाखवून विचारा, याचा अर्थ काय.