मदत हवी आहे: मुलाच्या डोक्यात गजकर्ण, शाळेतल्या मुलांमध्ये हे एवढं कॉमन असतं का??

नमस्कार, मुलगा ७ वर्षांचा, दुसरीत आहे. महिन्यापूर्वी डोक्यात मागच्या बाजूला रुपयाएवढा चट्टा दिसला, केस गेलेले, वर कोंड्यासारखे पापुद्रे आणि मधेमधे काळे ठिपके. सासूबाई म्हणाल्या चाई पडलीये, कांद्याचा रस चोळ, तो चोळला तर पोराने रडून घर डोक्यावर घेतलं. मग मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, खाज थांबली पण चट्टा दुप्पट झाला, नंतर कळलं त्यात स्टिरॉइड होतं. शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी थोडं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितलं, फंगल निघालं. आता ग्रिझिओफल्विन दीड-दोन महिने पोटातून आणि किटोकोनॅझोल शाम्पू. एवढ्याशा पोराला एवढे दिवस गोळ्या द्यायच्या का, नुसत्या क्रीमने नाही जाणार? शाळा म्हणते पूर्ण बरा झाल्यावरच पाठवा. आणि टक्कल करू का? मला तर आपलीच स्वच्छता कमी पडली असं वाटतंय.

प्रतिसाद १:
अहो ताई, अस्वच्छतेचा काही संबंध नाही, आमच्या धाकटीला झालं होतं तेव्हा मीही असंच मनाला लावून घेतलेलं. साधारण ३ ते १४ वयात हे सगळ्यात जास्त दिसतं, वयात आल्यावर डोक्याची त्वचा तेलकट होते आणि त्या तेलातली काही आम्लं फंगसला मानवत नाहीत, म्हणून मोठ्यांना फार कमी होतं. कंगवा, टोपी, न्हाव्याची मशीन, मांजराचं पिल्लू, कुठूनही येतं. क्रीम केसाच्या मुळात पोचतच नाही, गोळ्यांना पर्याय नाही. ग्रिझिओफल्विन दूध किंवा तुपाच्या जेवणासोबत द्या, अंगी लागते. टक्कल नको, उगाच वर्गात चिडवतील. औषध सुरू झाल्यावर शाळेत जायला हरकत नसते, डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या. शाम्पूने फक्त पसरणं कमी होतं, त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. आणि चट्टा सुजून मऊ झाला, पू आला तर थांबू नका, लगेच दाखवा, तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

प्रतिसाद २:
घरातल्या बाकीच्यांची डोकी बघितली का? काही दिसत नसलं तरी एखाद्याच्या डोक्यात असू शकतं.

धागाकर्ती:
आत्ताच मोठीच्या डोक्यात टॉर्च मारून बघितलं. कानामागे एक छोटा चट्टा आहे 😩 दोघांचा कंगवा एकच होता. उद्या दोघांना घेऊन जाते.