बाईकची बॅटरी घरीच बदलायची आहे, मदत हवी

भाऊ लोकं, अमळनेरला असतो, गाडी १२५ सीसी. सेल्फ मारला की नुस्तं टकटक वाजतं न् मीटरची लाईट मंद होते, किकने मात्र लगेच चालू. शेजारच्यांचा मल्टिमीटर आणून पाहिलं तर बंद गाडीत ११.४ व्होल्ट आणि चालू करून रेस दिली की १४.१, म्हणजे चार्जिंग ठीक आहे न बॅटरीच गेली ना? आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन तर माहितीच आहे, त्यानंच गेली असंल.

मला गाडीतलं काही कळत नाही, १० नंबरचा पाना तेवढा आहे. काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस, बरोबर ना? दुकानदार म्हणतो ५ एएचच्या (एएच म्हणजे बॅटरीची क्षमता) जागी ७ ची टाका, पण ती डब्यात मावंल का? जुनी परत दिली तर जळगाव-धुळ्याकडे किती कमी करता?