मदत हवी आहे: पितळी तांब्याचं शेडिंग जमेना, सगळं राखाडी सपाट दिसायलंय

नमस्कार मंडळी, मी लातूरचा. शाळेत असताना एलिमेंटरी दिली होती तेवढंच माझं ड्रॉइंग, मधे कित्येक वर्षं पेन्सिल फक्त हिशोबाला धरली. आता रात्री जेवणं झाली की वही घेऊन बसायलोय. क्लास लावलेला नाही, यूट्यूबवर बघून जे जमेल ते.

तर सध्या पाटावर एक पितळी तांब्या आन् शेजारी दोन मोसंब्या ठेवून काढायलोय. मोसंबी बरी येते, गोल वाटते, खालची सावली पण बसते. पण तांब्याचं काही केल्या जमेना. एका बाजूनं फिकट सुरू करून दुसरीकडं हळूहळू गडद नेतो, सगळे तसंच सांगतात म्हणून, आन् शेवटी तो पितळेचा न दिसता सिमेंटचा दिसतो. बायको म्हणली मडकं छान काढलंय. आता काय बोलावं.

दुसरं म्हणजे त्याचं बूड. तांब्या सपाट पाटावर ठेवलाय म्हणून मी खाली सरळ रेघ मारतो आन् वरचा काठ लंबगोल काढतो, तर तो पुढं कलंडल्यासारखा वाटायलाय. पेन्सिली एचबी, 2बी, 6बी आहेत, कागद झेरॉक्सचा. 6बी दाबून घासली की काळं व्हायच्या ऐवजी चकाकायलंय, बोटानं पुसलं की अजूनच तेलकट. खोलीत एक ट्यूबलाईट डोक्यावर आन् एक बल्ब स्वयंपाकघरातून येतो. कुणी जाणकार असेल तर सांगा, कागद बदलू का पेन्सिल का अजून काही?

---

प्रतिसाद, खडूफळा (परभणी):

दादा, मी शाळेत चित्रकला शिकवते, पोरांचं पण अगदी हेच होतं. आधी ट्यूबलाईट बंद करा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या. दोन उजेड असले की सावल्या पण दोन पडतात, एकमेकींना पुसतात, मग गडद असं काही उरतच नाही आणि चित्र राखाडी होतं. एकच दिवा, बाजूनं आणि थोडा वरून. दिवसा काढणार असाल तर उत्तरेची खिडकी चांगली, मे ते जुलै सोडून तिकडनं ऊन फारसं आत येत नाही त्यामुळं सावली दर दहा मिनिटाला सरकत नाही.

बुडाचं सांगते. काठ गोल आहे तसंच बूडही गोल आहे, पाट सपाट असला म्हणून काय झालं. तुम्ही वरून बघताय तर काठ डोळ्याच्या पातळीजवळ म्हणून अरुंद दिसतो, बूड त्याच्या खाली म्हणून त्याचा लंबगोल जास्त उघडा पाहिजे. मागचा भाग दिसत नसला तरी आधी फिकट हातानं अख्खा लंबगोल काढा, मग पुसा. आणि दोन्ही टोकं टोकदार नकोत, तिथंही वळणच असतं, पोरं हमखास बदामासारखी टोकं करतात.

आता पितळ. मोसंबीची साल उजेड पसरवते म्हणून तिथं हळूहळू गडद नेलेलं चालतं. घासलेलं पितळ आरशाचं काम करतं. त्याच्या पोटावर खिडकी दिसते, पाटाची कड दिसते, मोसंबीचा ओढलेला ठिपका दिसतो, आणि एकदम पांढऱ्याला लागून एकदम काळा पट्टा येतो, मधला रंगच नसतो. डोळे किलकिले करून बघा, कळेल. ते पट्टे जसे आहेत त्या आकाराचे काढा, गळ्यापाशी ते वाकतात बरं का. चमक जिथं आहे तिथला कागद पहिल्यापासून कोरा सोडायचा, रबरानं नंतर आणायची नाही.

झेरॉक्सचा कागद गुळगुळीत, ग्रॅफाईट धरत नाही, कार्ट्रिज म्हणजे चित्रकलेचा जाडसर, थोडा खरखरीत कागद घ्या. 6बी दाबायची नाही, हलक्या हाताचे थरावर थर द्या. बोट तर लावूच नका, घामाचं तेल उतरतं.

---

प्रतिसाद, बिंदगा (धाराशिव):

ताईंचं बरोबर, पण मी म्हणतो थोडे दिवस तांब्या फडताळात ठेवा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आंबिलाला बिंदगा (मातीचं मडकं) आणतो ना आपण, तसलं मातीचं काहीतरी घ्या. माती चमकत नाही, त्यामुळं उजेड, मधला भाग, सगळ्यात गडद पट्टा आन् त्याच्या पलीकडं पाटावरून उसळून आलेला अंधुक उजेड हे सगळं निवांत दिसतं. तो उसळता उजेड लई जण उजळ बाजूइतका पांढरा करतात, तसा नसतो तो, सावलीतच मोडतो. बिदरीच्या भांड्याच्या नादी तर सध्या लागूच नका, काळ्यावर चांदीची नक्षी, वेड लागंल.

---

मूळ लेखक:

ताई, दादा, लई आभार. आताच ट्यूब बंद करून टेबल लॅम्प लावला, खरंच पोटावर काळा पट्टा आहे की हो, इतके दिवस दिसलाच कसा नाही. बूड पण वाकवलं, आता उभा राहिला गडी. एक राहिलं, उजेडाच्या बाजूची कड पांढऱ्या कागदावर हरवायलीय, तिथं रेघ मारू का?

---

खडूफळा:

रेघ नको. त्या बाजूला तांब्याच्या मागं भिंतीचा हलका टोन द्या, 2बीनं, कड आपोआप निघंल. झालं की फोटो टाका.