डब्यातला मासा आणि लेबलवरचं नाव

या चर्चेत वर कोणीतरी म्हटलंय की डबाबंद माशावर भलत्याच जातीचं नाव छापून खोटं लेबल लावणाऱ्याला नुसता दंड न करता सरकारने तो ब्रँडच बंद करावा. संताप कळतो, पण आधी खोटेपणा सिद्ध करावा लागतो आणि घोडं तिथेच पेंड खातं. डब्यात डोकं, कल्ले, पर काहीच उरलेलं नसेल तर नजरेने जात कशी ओळखणार? राहिली डीएनए चाचणी. पण डबे निर्जंतुक करताना दिलेल्या उष्णतेने डीएनएचे बारीक तुकडे होतात, त्यामुळे नेहमीची पद्धत चालत नाही. छोटे तुकडे वाचणारी वेगळी लागते, आणि ट्यूनाच्या जवळच्या जातींमध्ये तीही कधीकधी अडखळते.

शिवाय नियम कडक म्हणजे ग्राहकाचं भलं, असंही नाही. १९८९ च्या युरोपीय नियमानुसार 'सार्डिन' हे नाव फक्त सार्डिना पिल्चार्डस या जातीच्या डब्यांना लावता येत होतं. पेरूचा मासा सार्डिनॉप्स सॅगॅक्स, म्हणजे तो बाद! पेरू जागतिक व्यापार संघटनेत तक्रार घेऊन गेला आणि २००२ मध्ये अपिलातही जिंकला. कोडेक्सच्या (अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) मानकात देशाचं किंवा जातीचं नाव जोडून 'सार्डिन' लिहायची मुभा आधीपासून होतीच.

जात सिद्ध करणं एवढं अवघड, म्हणून मला विचाराल तर तपासनिसांनी आधी निथळलेलं वजन धरावं. (आपण वाचतो ते निव्वळ वजन, त्यात तेल-पाणीही आलं.) डबा उघडायचा, चाळणीवर निथळू द्यायचा, उरलेलं काट्यावर ठेवायचं. एकाच बॅचचे बरेच डबे लेबलवरच्या निथळलेल्या वजनापेक्षा हलके निघाले, की 'एखादा चुकून आला असेल' ही सबब चालत नाही.