मदत हवी आहे: गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, २० तारखेला ट्रायल आहे. जाऊ का नको?

विंगर_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. तातडीचं आहे म्हणून थेट विचारतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि २० तारखेला ट्रायल आहे. सरळ पळताना काही दुखत नाही. परवा विद्यापीठाच्या मैदानावर १०० मीटरचे १० स्प्रिंट मारले, दुसऱ्या दिवशी सूजही नव्हती. डॉक्टर म्हणतात थांब, घरचे म्हणतात आता बास कर. ज्यांनी असं ऑपरेशन करून परत खेळायला सुरुवात केली त्यांनीच सांगा. ही ट्रायल गेली की वर्ष गेलं, आणि मला २७वं लागलंय.

शाहूपुरीकर
ऑपरेशन कसलं? एसीएल (गुडघ्याच्या आतलं लिगामेंट), मेनिस्कस (गुडघ्यातली गादी), का दुर्बिणीतून नुसती साफसफाई? होऊन किती दिवस झाले? खेळ कुठला? यातलं काहीच लिहिलं नाहीस, मग सांगायचं काय?

विंगर_कोल्हापूर
एसीएल, उजवा. रग्बी सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांची रग्बी खेळतो. विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला असतो हे नावावरून कळेल असं वाटलं.

तालमीतला_माणूस
भावा, मी पंधरा वर्षं लाल मातीत काढल्यात. माझा गुडघा दोनदा फिरला. वस्तादांनी दोन महिने रोज सकाळी कोमट तिळाच्या तेलानं खालून वर रगडून घेतला, वर तूप घालून दूध. तिसऱ्या महिन्यात मी जोर-बैठका मारत होतो. कापाकापी करायची गरजच नव्हती. आता झालीच आहे तर निदान मालिश सोडू नको.

फिजिओ_कागल
दादा, तुमचा गुडघा लचकला होता. याचं लिगामेंट तुटलंय. तुटलेलं एसीएल तेलानं जुळत नाही.
विंगर, हे सांगा: ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्याच्या जागी बसवलेला तुकडा, कुठून घेतलाय? मेनिस्कसला टाके घातलेत का? आणि महिने किती झाले ते अजून आलेलं नाही.

तालमीतला_माणूस
लचकला होता का तुटला होता हे तुम्ही न बघता कसं काय सांगता? आमच्या वेळी एमआरआय नव्हता, पण माणसं कुस्ती खेळतच होती.

फिजिओ_कागल
खेळत होती, आणि कितीतरी जण गुडघ्यापायी सुटलीही. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं, पुढच्या ऑलिम्पिकची तयारी करताना गुडघ्यानंच त्यांना थांबवलं. तेव्हा हे ऑपरेशन असतं तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

तालमीतला_माणूस
खाशाबांचं नाव काढलंत, मग मी वाद घालत नाही. पण दूध-तूप सोडू नको पोरा.

विंगर_कोल्हापूर
सगळे प्रश्नच विचारताहेत, उत्तर कुणी देत नाही. सहा महिने झाले. ग्राफ्ट मांडीच्या मागून, हॅमस्ट्रिंगचा. मेनिस्कस ठीक आहे.

फिजिओ_कागल
मग माझं मत: नको. सरळ पळणं ही गुडघ्याची परीक्षाच नाही. एसीएल लागतं ते वळताना, थांबताना, एका पायावर उतरताना. विंगरला आतल्या बाजूला कट मारून बाहेर निघायचं असतं, तेही समोरचा अंगावर येत असताना. दुसरं, बसवलेला ग्राफ्ट सुरुवातीला काही महिने उलट कमकुवत होतो. त्यात नव्यानं रक्तपुरवठा येतो आणि त्याचं हळूहळू लिगामेंट बनतं. बाहेरून गुडघा गार आणि कोरडा दिसतो, आतलं काम चालूच असतं. नॉर्वेतला एक अभ्यास २०१६ साली आला, त्यात नऊ महिन्यांपर्यंत एकेक महिना जास्त थांबलेल्यांत पुन्हा इजा होण्याचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्म्यानं कमी दिसलं. तुम्ही सहाव्यात आहात.

पेठेतला_फॉरवर्ड
शंभर टक्के सहमत. आमच्या पेठेतला एक पोरगा पाचव्या महिन्यात शाहू स्टेडियमवर उतरला. पहिला हाफ झकास खेळला. दुसऱ्या हाफला चेंडू पायात घेऊन वळला, जवळ कुणी नव्हतं, कुणी धक्का दिला नाही, आणि खाली बसला. गुडघ्याचा आवाज गॅलरीपर्यंत आला होता. अजून आठवला तर अंगावर काटा येतो. बाकी यंदा लीगला मैदानावर पाणी नीट मारायला पाहिजे, कडक झालं की सगळ्यांचेच गुडघे जातात.

कृष्णाकाठ_सांगली
विंगर, तू इंग्लंडचा रग्बीपटू जॉनी विल्किन्सनचं वाच. २००३ च्या वर्ल्ड कप फायनलला सिडनीत जादा वेळेत ड्रॉप गोल मारून इंग्लंडला जिंकून दिलं, आणि नंतर दुखापतींची रांगच लागली: मान, खांदा, दंड, गुडघा, मूत्रपिंडसुद्धा. तीन वर्षांहून जास्त काळ इंग्लंडकडून एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही. २००७ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडविरुद्ध परत आला आणि एकट्यानं २७ गुण केले. मनात असलं की होतं.

शाहूपुरीकर
पण त्यानं तीन वर्षं काढली ना? तुम्ही हे उदाहरण देऊन याला सहाव्या महिन्यात मैदानात ढकलताय. आणि तो किकर होता, हा विंगर आहे.

कृष्णाकाठ_सांगली
मी ढकलत नाही. मी म्हणतोय की २७ व्या वर्षी माणूस संपत नाही. तोही परतला तेव्हा २७ चाच होता. २०१४ ला फ्रान्सच्या तूलाँ क्लबकडून युरोपचा कप जिंकून मगच थांबला.

राजारामपुरी_आई
मुलीला रग्बी खेळायचं आहे, १३ वर्षांची आहे. कोल्हापुरात कुठं शिकवतात? हेल्मेट आपणच घ्यायचं का?

कृष्णाकाठ_सांगली
ताई, हेल्मेट अमेरिकन फुटबॉलला. रग्बीला दातांसाठी माउथगार्ड, आणि हवी तर डोक्याला मऊ टोपी.

नोकरी_बघतोय
राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. प्रमाणपत्रं आत्ताच पडताळून घे, पुढं धावाधाव होते.

विंगर_कोल्हापूर
नोकरीचं मी विचारलं नव्हतं. वैतागून लिहितोय, माफ करा. २०२५ ला मुंबईत रग्बीची पहिली लीग झाली, सहा संघ होते, मी एका संघाच्या शिबिरात होतो. शेवटच्या यादीत नाव कापलं. पुढच्या वेळी घेऊ म्हणाले, म्हणून दिवसाला दोन सेशन करत होतो, त्यातच हा गुडघा गेला. सहा महिने घरात बसून आईच्या पैशांवर जगलोय. शिरोलीला कामाला लाग असं मामा दर रविवारी सांगतो. म्हणून २० तारीख.
बळाची टेस्ट झाली आहे. उजवा डाव्याच्या ९२ टक्के भरला. तुम्हाला ९० च लागतात ना? मग?

फिजिओ_कागल
९२ हा चांगला आकडा आहे, मनापासून. उडीच्या चाचण्या झाल्या? आणि डाव्या पायाला आधी कधी काही झालं होतं का?

विंगर_कोल्हापूर
उडीची नाही झाली. डाव्याचंही एसीएल २०२२ ला झालंय. तो आता पूर्ण बरा आहे.

फिजिओ_कागल
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. ९२ टक्के कशाचे? डाव्याचे. डावा स्वतः ऑपरेशनचा असेल आणि तोच कमी पडत असेल, तर दोन्ही पाय सारखेच कमकुवत असूनही टक्केवारी सुंदर दिसते. आकडा खोटा नाही, त्याची मोजपट्टी आखूड आहे. पुन्हा मोजा, दोन्ही पाय वेगवेगळे, वजनाच्या हिशेबात. उडी एका पायावर, दोन्हीकडून तीन-तीन वेळा, त्याच बुटांत. आणि कोचना सांगितलंय का?

विंगर_कोल्हापूर
नव्हतं सांगितलं. नाव परत कापतील म्हणून. आत्ता फोन केला. ते म्हणाले २० ला ये, पण किट न घालता ये, रिपोर्ट दाखव, पुढच्या शिबिराचं बघू. 'बघू' म्हणजे काय धरायचं?

तालमीतला_माणूस
नको असता तर येऊच नको म्हणाले असते. जा.

फिजिओ_कागल
रिपोर्टसाठी आधी मोजायला हवं. सोमवारी सकाळी जमेल का? डावा आधी मोजा.

विंगर_कोल्हापूर
सोमवारी सात वाजताची वेळ घेतली. दोन्ही आकडे इथंच टाकतो.