हिपॅटायटिस बी निघालाय, घरात भुईआवळा सुरू आहे – मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही ठाण्यात वागळे इस्टेटला राहतो. माझ्या दिरांनी शिबिरात रक्तदान केलं आणि नंतर रक्तपेढीतून फोन आला, एचबीएसएजी (रक्तातली हिपॅटायटिस बी विषाणूची खूण) पॉझिटिव्ह. त्रास काहीच नाही, डोळेही पिवळे नाहीत. सासूबाईंनी मात्र लगेच जांभळी नाक्यावरून भुईआवळ्याच्या जुड्या आणल्या. पानांखाली बारीक हिरवी फळं लगडलेली, मुळांना ओली माती तशीच. रोज सकाळी रस काढून देतात. त्यांची माया कळते मला.

या वनस्पतीवर चेन्नईत खरंच संशोधन झालंय. १९८८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात औषध घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांचं एचबीएसएजी गेलं होतं. पण नंतर इतरांनी केलेल्या चाचण्यांत तसा गुण आला नाही. म्हणून नुसत्या रसावर राहायला मन धजत नाही.

व्हायरल लोडची (रक्तात विषाणू किती आहे याची) तपासणी ठाणे-नवी मुंबईत माफक दरात कुठे होते? नीट समजावून सांगणारे लिव्हरचे डॉक्टर कोणी सुचवाल का? जाऊबाईंची तपासणी करायचीच आहे. ती निगेटिव्ह आली तर मोठ्यांसाठीची लस (०, १ आणि ६ महिने) कुठे मिळेल? आणि सासूबाईंना न दुखावता रस कसा थांबवावा, हेही ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी कृपया लिहा.