मिश्र फुटबॉल लीगचे नियम: स्त्रीचा गोल दोन धरावा का?

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

नमस्कार. रत्नागिरी शहरात आणि आसपास राहणाऱ्या, वयाची पंचविशी ओलांडलेल्या हौशी खेळाडूंसाठी स्त्री-पुरुषांचे एकत्र संघ असलेली एक छोटी फुटबॉल लीग पावसाळा संपल्यावर सुरू करण्याचा आमच्या गटाचा विचार आहे. इच्छुकांमध्ये शिक्षक, परिचारिका, बँकेतील कर्मचारी, दोन-चार बागायतदार आणि मासेमारी करणारे काही तरुण आहेत. त्यांतील निम्म्या लोकांनी शाळा सुटल्यानंतर चेंडूला पाय लावलेला नाही, तर काही जण महाविद्यालयीन संघातून खेळलेले आहेत. मैदानावर प्रत्येक संघाचे सात खेळाडू, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे दोन भाग आणि बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करण्याची मुभा, एवढे आमचे ठरले आहे. मैदान लाल मातीचे असून खाली जांभा आहे आणि कडेला बारीक खडे वर आलेले आहेत.

अडचण पुढच्या नियमांची आहे. स्त्रीने केलेला गोल दोन धरावा, म्हणजे पुरुष खेळाडू तिला चेंडू देतील, असे काहींचे म्हणणे आहे, तर काहींना ही कल्पना अपमानास्पद वाटते. मैदानावर किमान किती स्त्रिया असाव्यात आणि एखाद्या रविवारी त्या आल्याच नाहीत तर सामना खेळवावा की सोडून द्यावा, यावरही एकमत होत नाही. घसरून चेंडू काढणे, म्हणजे स्लाइडिंग टॅकल, पूर्णपणे बंद करावे का? ऑफसाइड, म्हणजे चेंडूच्या आणि प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे उभे राहून पास घेण्याची मनाई, ठेवावे का? ज्यांनी अशा मिश्र स्पर्धा खेळल्या किंवा चालवल्या आहेत, त्यांनी कृपया अनुभव आणि कारणे दोन्ही लिहावीत. नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिल्यास बैठकीत पुन्हा तोच वाद होईल.

शिट्टीवाला (अलिबाग)

मी हौशी सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो, त्यामुळे माझे उत्तर शिट्टीच्या बाजूने आहे, हे आधीच सांगतो. जगभर चालणारे फुटबॉलचे सतरा नियम इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड ठरवते आणि तळागाळातील खेळासाठी मैदानाचा आकार, खेळाचा वेळ, गोलचे माप, बाहेर गेलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेणे यांसारखे बदल करण्यास त्याच नियमांत वाव ठेवलेला आहे. तेव्हा ‘मूळ नियमांत हे नाही’ अशी हरकत बैठकीत कोणी घेतली, तर तिला फारसा अर्थ नाही.

सर्वांत आधी संख्येचा नियम नीट लिहा, कारण अर्धे वाद तिथेच मिटतात. ‘किमान तीन स्त्रिया’ असे लिहू नका. ‘एका वेळी मैदानावर गोलरक्षक सोडून जास्तीत जास्त तीन पुरुष’ असे लिहा. पहिल्या पद्धतीत दोनच स्त्रिया आल्या की संघनायक गयावया करत चौथा पुरुष उतरवण्याची परवानगी मागतो आणि प्रतिस्पर्धी भिडेखातर होकार देतो. दुसऱ्या पद्धतीत प्रश्नच उरत नाही: आलेल्या दोघींसह संघ एक खेळाडू कमी घेऊन खेळतो. सामना किती खेळाडूंनिशी सुरू होऊ शकतो, हेही आधी ठरवा. अकरा जणांच्या खेळात ही मर्यादा सात आहे; तुमच्या सात जणांच्या खेळात पाच ठेवता येईल. ‘गोलरक्षक सोडून’ हे शब्द मात्र गाळू नका. ते नसतील, तर काही संघ एका स्त्रीला हातमोजे घालून गोलमध्ये कायमची उभी करतात आणि संख्या भरल्याचे समाधान मानतात. तिला गोलरक्षण आवडत असेल तर उत्तमच, पण तिचा वापर केवळ आकडा भरण्यासाठी होऊ नये.

घसरून चेंडू काढणे मूळ नियमांत मुळातच गुन्हा नाही. ते निष्काळजीपणे केले तर फक्त फ्री किक, बेदरकारपणे केले तर पिवळे कार्ड आणि अवाजवी जोर वापरला तर लाल कार्ड, अशी पायरी आहे. ही पायरी पाहण्यासाठी पंचाची नजर सरावलेली असावी लागते आणि हौशी लीगमध्ये पंच बहुधा दुसऱ्या संघाचा, नुकताच खेळून दमलेला खेळाडू असतो. शिवाय तुम्ही वर्णन केलेल्या मैदानावर घसरणाऱ्याच्याच मांडीची साल निघेल. म्हणून ते सरसकट बंद करा. अंगाला स्पर्श झाला नाही तर अप्रत्यक्ष (जिच्यावर थेट गोल करता येत नाही) आणि झाला तर प्रत्यक्ष (जिच्यावर थेट गोल करता येतो) फ्री किक द्या. गोलरक्षकाला स्वतःच्या क्षेत्रात चेंडूवर झेपावण्याची मोकळीक हवी, मात्र पाय पुढे करून नव्हे.

खांद्याला खांदा लावून चेंडू मिळवणे मूळ नियमांत चालते. ते चालू ठेवायचे की बंद करायचे, याचा निर्णय काहीही घ्या, पण तो सर्वांना सारखा लागू करा. ‘पुरुषाने स्त्रीला धक्का देऊ नये, स्त्रीने दिला तर चालेल’ असा नियम मी एका ठिकाणी पाहिला आहे. त्यात प्रत्येक झटापटीला पंचाने आधी कोण कोणाला भिडले हे पाहायचे आणि मग शिट्टी वाजवायची, असा प्रकार होतो आणि तोपर्यंत चेंडू पलीकडच्या गोलमध्ये पोहोचलेला असतो. लिंगाचा विचार संघ मैदानात उतरवताना करावा. एकदा चेंडू सुरू झाला की मैदानावर फक्त खेळाडू असावेत.

ऑफसाइड ठेवू नका. बाजूच्या रेषेवर दोन सहायक पंच नसतील, तर ऑफसाइड म्हणजे केवळ आरडाओरड. फुटसाल (पाच-पाच जणांचा, टणक जमिनीवरचा छोटा फुटबॉल) आणि बीच सॉकर (वाळूवरचा फुटबॉल) या दोन्ही प्रकारांत ऑफसाइड नाही आणि खेळाचे काही बिघडत नाही. शिवीगाळ आणि पंचाशी हुज्जत यांवर मात्र तात्पुरत्या हकालपट्टीचा उपाय जरूर योजा. तळागाळातील खेळासाठी तो मान्य आहे आणि शिक्षेचा वेळ एकूण खेळाच्या दहा ते पंधरा टक्के असावा असे सांगितले जाते. पन्नास मिनिटांच्या सामन्यात पाच मिनिटे योग्य ठरतील. संघ पाच मिनिटे एकाने कमी झाला की बाकीचे सहा जणच त्या गृहस्थाला गप्प करतात.

मालवणची बचावफळी

मी बचावपटू म्हणून खेळते आणि मिश्र सामन्यांत दोन गोलांचा नियम अंगावर घेऊन पाहिलेला आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. या नियमाचा हेतू चांगला असतो, परंतु त्याचा परिणाम मैदानावर वेगळाच दिसतो. ऑफसाइड नसताना प्रत्येक संघ एका मुलीला समोरच्या गोलजवळ उभी करून ठेवतो, मागून उंच चेंडू टाकतो आणि ती चेंडूची वाट पाहत बसते. पास देणे, चेंडू घेऊन पळणे, मागे येऊन बचाव करणे हे तिच्या वाट्याला येतच नाही. दुसरीकडे, तिच्या गोलची किंमत दुप्पट असल्यामुळे प्रतिस्पर्धी आपला सर्वांत धिप्पाड बचावपटू तिच्यावर नेमतो. म्हणजे जिला सांभाळण्यासाठी नियम केला, तिलाच सर्वाधिक धक्के बसतात. आणि मी बचावपटू असल्यामुळे हेही विचारते की मी गोल वाचवला तर तो दोन वाचवल्याचे कोणी धरणार आहे का?

गोल एकच धरावा. पुरुषांनी चेंडू द्यावा असे वाटत असेल, तर वर सुचवलेला संख्येचा नियम पुरेसा आहे, कारण सहापैकी तीन जणींना वगळून खेळणारा संघ तीन जणांनिशी खेळत असतो आणि तो हरतो.

आता ज्या गोष्टीचा वरील पोस्टमध्ये उल्लेख नाही, पण आपल्याकडे पहिल्याच रविवारी जी निघेल, ती म्हणजे दागिने. खेळाचा चौथा नियम याबाबत स्पष्ट आहे: गळ्यातले, अंगठ्या, बांगड्या, कानातले असे सर्व दागिने काढूनच मैदानात यावे लागते आणि त्यांवर चिकटपट्टी लावून खेळणेही मान्य नाही. मंगळसूत्र आणि जोडवी काढण्याबाबत काही जणी बिचकतील आणि काहींच्या घरून प्रश्न येतील. म्हणून हा नियम सामन्याच्या दिवशी पंचाने तोंडी सांगण्यापेक्षा नोंदणीच्या अर्जावरच छापावा आणि पुरुषांच्या कड्यांचा, गंडेदोऱ्यांचा व गळ्यातील साखळ्यांचा त्यात ठळक उल्लेख करावा, म्हणजे तो केवळ बायकांसाठी केलेला वाटणार नाही. दागिने ठेवण्यासाठी प्रत्येक संघाची एक बंद पिशवी आणि ती सांभाळणारी ठरलेली व्यक्ती असावी. डोक्याला घट्ट बसणारे वस्त्र मात्र 2014 पासून नियमांनुसार चालते. ते काळे किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचे असावे आणि जर्सीला जोडलेले नसावे. आपल्या किनाऱ्यावरील अनेक मुस्लिम भगिनींना हे माहीत नसते आणि त्या विचारण्याआधीच माघार घेतात. नडग्यांवर शिनगार्ड तर सर्वांनाच सक्तीचे आहेत.

सामन्याची वेळ हाही एक नियमच समजावा. रविवारी सकाळी सातचा सामना ठेवला, तर मासळी बाजार, पाहुणे आणि स्वयंपाक यांतून सुटून येणाऱ्या स्त्रिया किती असतील, याचा अंदाज संयोजकांनी स्वतःच्या घरात डोकावून घ्यावा. दुपारी साडेचारची वेळ बरी, मात्र डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा एका संध्याकाळी एकच सामना होईल.

नवशिकी (चिपळूण)

मालवणच्या ताईंचे म्हणणे मला पटते, पण पूर्ण नाही. त्या खेळत आलेल्या आहेत. माझ्यासारखीला चेंडू आला की आधी तो कुठे मारावा हेच सुचत नाही आणि संघातील पुरुषांना ते ठाऊक असल्यामुळे मैदानावर आम्ही तिघी असूनही चेंडू त्या तिघांतच फिरतो. असा संघ हरतो हे खरे, पण हरूनही तो तसाच खेळत राहतो, हे मी पाहिलेले आहे. दोन गोलांचा नियम असताना निदान मला हाक मारून चेंडू दिला जात असे. म्हणून पहिल्या मोसमापुरता तो ठेवावा आणि पुढे काढून टाकावा, असे मला वाटते. तो नकोच असेल, तर सामन्याआधी अर्धा तास सर्वांनी एकत्र सराव करण्याची अट घाला. दुसरी विनंती अशी की फ्री किकच्या वेळी खेळाडूंची भिंत उभी करण्याची सक्ती नवख्यांवर करू नये. जोरात मारलेला चेंडू तोंडावर येईल या भीतीने माझ्या दोन मैत्रिणींनी नाव नोंदवलेले नाही.

खारे वारे (वेंगुर्ला)

भिंतीचा प्रश्न बीच सॉकरमध्ये कायमचा सुटलेला आहे, कारण तिथे फ्री किकच्या वेळी भिंत उभी करताच येत नाही. हाच नियम तुम्ही मातीच्या मैदानावरही घेऊ शकता. माझे तर म्हणणे आहे की जांभ्यावर गुडघे फोडून घेण्यापेक्षा काही सामने पुळणीवर खेळवावेत. पाच-पाच जणांचे संघ, सुमारे 36 मीटर लांब आणि 27 मीटर रुंद मैदान, बारा मिनिटांचे तीन भाग आणि सर्व जण अनवाणी, असा तो खेळ आहे. वाळूत वेगवान खेळाडूचाही वेग मंदावतो, त्यामुळे शारीरिक ताकदीतील फरक आपोआप कमी होतो. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागत नाही.

वेळापत्रक मात्र भरती-ओहोटी पाहून आखावे लागेल. आपल्याकडचा जुना हिशेब असा की तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, म्हणजे संध्याकाळी मैदान पाण्याखाली जाऊ शकते. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती साडेअकराच्या आगेमागे येते, त्यामुळे संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी असते आणि उधाणाचे दिवस असल्याने पाणीही लांब हटलेले असते. तेव्हा सामने पौर्णिमा-अमावास्येच्या जवळच्या रविवारी पुळणीवर आणि अष्टमीच्या जवळचे मातीवर, अशी विभागणी करता येईल. मासेमारी करणाऱ्या खेळाडूंना मात्र तारखा आधी दाखवून घ्या, कारण त्यांची कामे त्याच भरती-ओहोटीवर ठरतात आणि उधाणाच्या दिवसांत ते मोकळे असतीलच असे नाही.

मिऱ्याबंदर (रत्नागिरी)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्रीच्या बैठकीत ही चर्चा वाचून दाखवली आणि बराचसा मसुदा तयार झाला. गोलरक्षक सोडून जास्तीत जास्त तीन पुरुष, सामना सुरू करण्यासाठी किमान पाच खेळाडू, स्लाइडिंग टॅकल व भिंत दोन्ही बंद, ऑफसाइड नाही, शिवीगाळीला पाच मिनिटे बाहेर आणि दागिन्यांचा नियम अर्जावर, इतके मंजूर झाले. गोल एकच धरायचा असे ठरले, परंतु चिपळूणच्या ताईंची सूचना मान्य करून प्रत्येक सामन्याआधी दोन्ही संघांचा अर्धा तास मिश्र सराव सक्तीचा केला आहे. जो खेळाडू सरावाला येणार नाही, तो पहिल्या भागात खेळणार नाही. मोसम नोव्हेंबरात भातकापणी आटोपल्यावर सुरू करून शिमग्याच्या आधी संपवायचा आहे, कारण त्यानंतर बागायतदार आंब्यात अडकतात. वाळूवरचे सामने पुढील वर्षी पाहू.

एकच मुद्दा राहिला आहे. अंतिम सामना बरोबरीत सुटला, तर पेनल्टीच्या फैरीत कोणी किक माराव्यात? सगळ्या किक पुरुषांनीच मारल्या, तर बाकीच्या नियमांना काय अर्थ राहिला, असे बैठकीत विचारले गेले.

शिट्टीवाला (अलिबाग)

प्रत्येक संघाने स्त्री आणि पुरुष अशा आलटूनपालटून किक माराव्यात, असे लिहा. पाच किक असतील तर एका बाजूचे तीन आणि दुसऱ्या बाजूचे दोन होतात, म्हणून फेऱ्या सहा ठेवा आणि सुरुवात कोणी करायची हे दोन्ही संघांसाठी सारखे असू द्या. बरोबरी कायम राहिली, तर सातवी किक स्त्रीची आणि आठवी पुरुषाची, दोन्ही संघांची. सामना संपताना मैदानावर असलेल्यांनीच किक माराव्यात, हा मूळ नियम मात्र कायम ठेवा, म्हणजे शेवटच्या मिनिटाला कोणाला बाहेर काढायचे याचा संघनायक दोनदा विचार करील.